पाळीच्या आधीच डाग लागला आणि चान्स घेताय? मग काय करायचं ते

चान्स घेताय आणि तारखेच्या चार-पाच दिवस आधीच डाग दिसला, तर सगळ्यात आधी एक लक्षात ठेवा, त्या दिवसाला पाळीचा पहिला दिवस म्हणू नका. अ‍ॅपमध्ये तर तसं अजिबात टाकू नका. पहिला दिवस म्हणजे ज्या दिवशी नीट लाल जायला लागतं आणि पॅड घ्यावंच लागतं तो. त्याच्या आधीचे चॉकलेटी, गुलाबी, नुसते पुसताना दिसणारे डाग हे मागच्याच सायकलचे शेवटचे दिवस असतात. एवढं ठासून सांगतेय कारण पुढचं सगळं ह्याच्यावर उभं आहे, अंडं कधी फुटणार म्हणजे अंडाशयातून कधी बाहेर पडणार, टेस्ट कधी करायची, डॉक्टर पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ब्लड टेस्टला आणि सोनोग्राफीला बोलावतात तो दिवस कुठला, अंडं वाढायला देतात त्या लेट्रोझोलच्या गोळ्या कधी सुरू करायच्या, सगळं. तीन दिवस डाग लागून मग पाळी आली आणि तुम्ही डागापासून मोजलंत तर सगळं गणित तीन दिवस अलीकडे येतं आणि जे दिवस खरे महत्त्वाचे तेच हातचे जातात.

आता मनात जो खरा प्रश्न असतो तो. ही गोड बातमी आहे का पाळीच येतेय? डागाकडे बघून हे कोणालाच सांगता येत नाही, तुम्हाला नाही, मैत्रिणीला नाही आणि डॉक्टरलाही नाही. गुलाबी म्हणजे गर्भ चिकटला आणि चॉकलेटी म्हणजे पाळी असं जे जिथे तिथे वाचायला मिळतं त्याच्यावर जाऊ नका. रंगावरून एवढंच कळतं की रक्त किती हळू बाहेर आलं. थोडं थोडं आलं तर वाटेत काळपट होतं, पांढऱ्या पाण्यात मिसळलं तर गुलाबी दिसतं, भरभर आलं तर लाल. दिवस राहिलेल्या बाईला तिन्ही रंग दिसू शकतात आणि न राहिलेल्या बाईलाही. म्हणून माझं म्हणणं आहे की रंग बघत बसू नका, तारीख लिहा, तारखेवरून बरंच काही कळतं.

ते कसं ते सांगते. अंडं फुटलं की अंडाशयात त्या जागी जो भाग उरतो तो प्रोजेस्टेरॉन बनवायला लागतो आणि ह्या हार्मोनमुळे गर्भपिशवीच्या आतलं अस्तर टिकून राहतं. दिवस राहिले नाहीत तर साधारण १२ ते १४ दिवसांत ते खाली येतं आणि अस्तर सुटायला लागतं. काही जणींना एकदम पाळी येते, काही जणींना आधी एक-दोन दिवस नुसतं झिरपतं आणि मग पाळी धरते. त्यामुळे पाळीच्या आदल्या एक-दोन दिवसांचा डाग ही बऱ्याच वेळा पाळीचीच चाहूल असते आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

इम्प्लांटेशन ब्लीडिंगबद्दल, म्हणजे गर्भ चिकटताना लागणाऱ्या डागाबद्दल सगळ्याच विचारतात. गर्भ पिशवीला चिकटतो तो अंडं फुटल्यावर ६ ते १२ दिवसांत, आणि बहुतेक जणींमध्ये ८व्या, ९व्या किंवा १०व्या दिवशी. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये चान्स घेणाऱ्या बायकांची रोजची लघवी तपासून हे शोधलं होतं, १९९९ मध्ये ते न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. त्याच बायकांच्या नोंदींवरून नंतर असंही दिसलं की ज्यांना दिवस राहिले त्यातल्या थोड्याच जणींना सुरुवातीला डाग लागला होता आणि तोसुद्धा गर्भ चिकटला त्या दिवशी क्वचितच, जास्त करून पाळीच्या तारखेच्या आसपास. म्हणजे डाग लागला म्हणून दिवस राहिले असं नाही, आणि डाग लागला म्हणून सगळं संपलं असंही नाही. आणि डाग लागलाच नाही म्हणून ज्या हिरमुसतात त्यांनी तर मुळीच मनाला लावून घेऊ नका, दिवस राहिलेल्या बहुतेक बायकांना त्या दिवसांत काहीच दिसत नाही.

त्यामुळे डाग अंडं फुटल्यापासून कितव्या दिवशी लागला हे कळणं महत्त्वाचं. अ‍ॅप सांगतं ते ओव्ह्युलेशन, म्हणजे अंडं फुटायचा दिवस, हा अंदाज असतो, तुमच्या जुन्या तारखांवरून काढलेला. तुमची पाळी ३५ दिवसांची असेल तर अंडं साधारण २१व्या दिवशी फुटतं, १४व्या नाही, आणि मग २२व्या दिवशी लागलेला डाग पाळीच्या आधीचा नसून अंडं फुटतानाचा असू शकतो, तोही काही जणींना लागतो आणि एखाद्या दिवसात थांबतो. खात्री हवी असेल तर मेडिकलमध्ये ओव्ह्युलेशनच्या स्ट्रिप मिळतात, त्या दोन रेघा गडद दाखवायला लागल्या की पुढच्या एक-दीड दिवसात अंडं फुटायची शक्यता असते. अंगावरून कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणलं जाणारं पाणी जायला लागलं की तेही ह्याच दिवसांचं लक्षण. फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे अंडं कसं वाढतंय ते बघायच्या सोनोग्राफी, चालू असेल तर रप्चर झालेली, म्हणजे अंडं फुटलेली तारीख रिपोर्टवर लिहिलेलीच असते, तीच धरा. पीसीओडी असेल तर स्ट्रिप कधीकधी फसवतात, कारण स्ट्रिप ज्या हार्मोनवर चालतात तो एलएच आधीपासूनच वर असतो, अशांनी सोनोग्राफीवर जास्त भरवसा ठेवावा.

लिहून काय ठेवायचं ते सांगते, फार काही नाही. तारीख, नुसतं पुसताना दिसलं की लायनरवर आलं की पॅड लागलं, पोटात किंवा कमरेत दुखलं का आणि कुठल्या बाजूला, आदल्या दिवशी संबंध आला होता का, आणि त्या महिन्यात काय काय गोळ्या चालू होत्या. बऱ्याच घरांत पाळीची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकोनात पेनाने एक बारीक टिंब करून ठेवायची सवय असते, पण ते कॅलेंडर घरातले सगळेच बघतात आणि टिंब दोन दिवस उशिरा आलं की कोणीतरी विचारतंच. चान्स घेताना ते प्रश्न नको असतात. म्हणून फोनच्या नोट्समध्ये लिहा. अ‍ॅप वापरत असाल तर त्यात स्पॉटिंगचा वेगळा पर्याय असतो, तिथेच टाका, पाळी म्हणून नाही.

टेस्ट कधी करायची? अंडं फुटल्याची तारीख माहीत असेल तर त्यानंतर १४ दिवसांनी, नसेल तर पाळीची तारीख उलटल्यावर. डाग दिसला त्याच दिवशी केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तर तिला फार अर्थ नाही, कारण टेस्ट ज्या हार्मोनवर चालते ते एचसीजी गर्भ चिकटल्यावरच बनायला लागतं आणि ते लघवीत पुरेसं यायला अजून काही दिवस जातात. सकाळची पहिली लघवी घ्या, किटमधल्या ड्रॉपरने पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब टाका, बहुतेक किटला तीन, आणि पाच मिनिटांनी बघा. पाच म्हणजे पाचच. अर्ध्या तासाने तिथे एक करडी, रंग नसलेली रेघ उमटू शकते, ती लघवी सुकल्याची असते, तिला दुसरी रेघ समजून आनंदायचं नाही आणि कचऱ्यातली स्ट्रिप परत काढून खिडकीशी धरून तर बघायचीच नाही, त्यानं जिवाला फार त्रास होतो. खरी दुसरी रेघ फिकट असली तरी तिला गुलाबी किंवा जांभळट रंग असतो आणि ती वेळेत येते. निगेटिव्ह आली आणि पाळीही नाही आली तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा. अंडं फुटायला एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर तेच एचसीजी अंगात दहा ते चौदा दिवस राहून खोटी पॉझिटिव्ह दाखवू शकतं, तोवर थांबा.

आणि हे बऱ्याच जणी करत नाहीत. पाळी आली पण नेहमीसारखी नाही, फारच कमी गेली, एका दिवसातच थांबली, किंवा वेगळंच दुखतंय, तर पाळी आली म्हणून सोडून देऊ नका, तरीही टेस्ट करा. कारण दिवस राहून वरून रक्त जात असू शकतं, आणि त्यातला एक प्रकार जिवावर बेतणारा आहे.

तो म्हणजे गर्भनळीत राहिलेला गर्भ. गर्भ पिशवीत न येता नळीतच वाढायला लागला तर सुरुवातीला नुसते डागच लागतात, पाळीसारखेच वाटतात, टेस्ट कधी फिकट पॉझिटिव्ह येते. मग पोटात खाली एका बाजूला दुखायला लागतं. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो, चक्कर येते, घाम फुटतो, आणि खांद्याच्या टोकाला दुखतं, हे खांद्याचं दुखणं लोकांना कळतच नाही की पोटातलं आहे. असं काही झालं तर सकाळ होईपर्यंत थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल, गाडी नसेल तर १०८. आधी नळीचं ऑपरेशन झालंय, आधी असंच एकदा झालंय, किंवा नळीत इन्फेक्शन होतं असं कोणी सांगितलंय, त्यांनी पॉझिटिव्ह आल्याबरोबरच डॉक्टरना कळवा. अशा वेळी बीटा एचसीजी ही रक्ताची टेस्ट ४८ तासांच्या अंतराने दोनदा करतात आणि आकडा कसा वाढतो ते बघतात, आणि मग सोनोग्राफी. तुमचा ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर तेही आधीच सांगा, काही वेळा अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं.

फिकट पॉझिटिव्ह येऊन दोन-चार दिवसांत पाळी आली तर त्याला केमिकल प्रेग्नन्सी म्हणतात, गर्भ चिकटला पण पुढे टिकला नाही. हे खूप बायकांना होतं. बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड असते. तुम्ही जिना चढलात, बादली उचललीत, स्कूटीवरून ऑफिसला गेलात म्हणून हे होत नाही. कृपा करून स्वतःला दोष देऊ नका, आणि घरात कोणी देत असेल तर हेच वाक्य त्यांनाही ऐकवा.

आता गोळ्यांबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. डाग दिसला की मेडिकलमधून डुफास्टन किंवा सस्टेन ही प्रोजेस्टेरॉनसारखी गोळी आणून सुरू करायची, कारण कोणाला तरी तीच दिली होती. असं करू नका. ही गोळी चालू असेपर्यंत पाळी पुढे जाऊ शकते, आणि तुम्हाला वाटतं की तारीख चुकली म्हणजे दिवस राहिले. गोळी बंद केल्यावर साधारण आठवड्याभरात पाळी येते आणि मग जे रडू येतं ते उगाच ओढवून घेतलेलं असतं. ज्यांना डॉक्टरनीच दिली आहे त्यांनी मात्र उलट करायचं, डाग दिसला म्हणून स्वतःहून बंद करायची नाही, फोन करून विचारायचं. खालून ठेवायची गोळी असेल तर ती ठेवताना आत थोडं खरचटूनही गुलाबी डाग लागू शकतो.

प्रोजेस्टेरॉन कमी आहे म्हणूनच डाग लागतात असं सरसकट नसतं. ते बघायची टेस्ट अंडं फुटल्यावर ७ दिवसांनी करायची असते. लॅबमध्ये तिला २१व्या दिवसाची टेस्ट म्हणतात, पण २१वा दिवस फक्त २८ दिवसांची पाळी असणारीला लागू पडतो, ३५ दिवसांवाल्या बाईने २१व्या दिवशी रक्त दिलं तर आकडा कमीच येणार कारण अंडं तेव्हाच फुटत असतं. ३ च्या वर आकडा आला तर अंडं फुटलंय एवढं कळतं, आणि हे हार्मोन दिवसभरात खूप खाली-वर होतं त्यामुळे एका आकड्यावरून प्रोजेस्टेरॉन कमी आहे असा शिक्का मारून घेऊ नका.

अजून एक गोळी, जी आपल्याकडे सणावाराला सर्रास घेतली जाते. गौरी-गणपती आहेत, घरी सत्यनारायण आहे, कोणाचं लग्न आहे म्हणून पाळी पुढे ढकलायची गोळी. चान्स घेत असाल तर ह्या महिन्यात ती नको, दिवस राहिले असण्याची शक्यता असताना ती घ्यायचीच नसते, आणि ती घेताना किंवा एखादी चुकल्यावर मधेच डाग लागतात ते वेगळंच. घरच्यांना कारण सांगायचं नसेल तर डॉक्टरनी नाही म्हटलंय एवढं बोला, पुरतं. तसंच दुखतंय म्हणून मेफ्टाल किंवा ब्रुफेन अंडं फुटायच्या दिवसांत आणि त्यानंतर टाळा, पॅरासिटामोल चालते. रक्त थांबवायच्या गोळ्या तर स्वतःच्या मनाने नकोतच. फॉलिक अ‍ॅसिड मात्र डाग लागला तरी चालू ठेवायचं, रोज ४०० मायक्रोग्रॅम, मेडिकलमध्ये सहसा ५ मिलिग्रॅमची मिळते ती तुम्हाला हवी का ते डॉक्टरना विचारा.

पपई खाल्ली, अंगात उष्णता झाली, गरम पडलं, हे सगळं बाजूला ठेवा. पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी डाग लागत नाही. आडवं पडून राहायची गरज नाही. दुखत नसेल तर संबंध ठेवायला हरकत नाही. आतून पाण्याने किंवा कुठल्या वॉशने धुऊ नका, त्याने इन्फेक्शन वाढतं.

डॉक्टरकडे कधी जायचं? एखाद्याच महिन्यात एक-दोन दिवस डाग आणि मग नेहमीसारखी पाळी, तर नुसतं लिहून ठेवा. पण लागोपाठ दोन-तीन महिने पाळीच्या आधी दोन दिवसांपेक्षा जास्त डाग लागतात, किंवा अंडं फुटल्यापासून दहा दिवसांच्या आतच पाळी येते, किंवा संबंधानंतर रक्त दिसतं, वास येणारं पांढरं जातं, ताप आहे, तर वर्ष वगैरे पूर्ण व्हायची वाट बघू नका. तसा नियम असा की ३५ च्या आत असाल तर एक वर्ष प्रयत्न करून, ३५ च्या पुढे असाल तर सहा महिन्यांनी दाखवायचं, पण असे डाग लागत असतील तर हा नियम तुम्हाला लागू नाही, आधीच जा.

कारणं बरीच असतात आणि त्यातली बरीचशी सोपी असतात. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावरच्या दुधाचं हार्मोन) ही दोन रक्तातून कळतात, प्रोलॅक्टिन सकाळी उपाशीपोटी आणि शांत बसून द्यायचं, धावतपळत लॅबमध्ये जाऊन लगेच दिलं तर वाढलेलं दिसू शकतं. पिशवीत छोटा पॉलिप, म्हणजे अस्तराची मऊ गाठ असेल तर तो खालून केलेल्या सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसतो आणि दुर्बिणीतून काढता येतो. पिशवीच्या तोंडाशी सूज, इन्फेक्शन किंवा नाजूक भाग असेल तर संबंधानंतर रक्त येतं, ते डॉक्टरना आतून तपासल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे लाजू नका, आणि पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी, बरेच दिवसांत केली नसेल तर तीही करून घ्या. पाळीत प्रचंड दुखतं, संबंधात आत खोल दुखतं आणि शिवाय आधी दोन-चार दिवस चॉकलेटी जातं, तर एंडोमेट्रिओसिसचं, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखा भाग पिशवीबाहेर वाढतो त्या आजाराचं नाव स्वतःहून काढा, पाळीत दुखणारच म्हणून आपल्याकडे हे वर्षानुवर्षं ऐकून घेतलं जात नाही. आधी सिझर झालं असेल आणि पाळी संपल्यावरही बरेच दिवस चॉकलेटी जात असेल तर त्या जुन्या टाक्यांच्या जागी खळगा राहिलेला असू शकतो.

आणि पिशवीचा टीबी. खोकला नाही, वजन उतरलं नाही, म्हणून टीबी नाही असं नसतं, आपल्या देशात दिवस न राहण्याचं हे एक खरं कारण आहे. घरात कोणाला टीबी होता का हे डॉक्टरना सांगा. फक्त एका पीसीआर (जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या टेस्टच्या) रिपोर्टवर महिनोन्महिने गोळ्या घ्यायला सांगितल्या तर दुसऱ्या डॉक्टरचं मत नक्की घ्या, आणि खरंच टीबी निघाला तर सरकारी दवाखान्यात औषधं फुकट मिळतात आणि कोर्स पूर्ण करायचा असतो.

जाताना फोनमधल्या त्या नोंदी तीन महिन्यांच्या एका कागदावर उतरवून न्या. आत गेल्यावर घाईत काहीच आठवत नाही आणि बाहेर नंबर लागलेले असतात, तर तो कागदच टेबलावर ठेवायचा. डाग चालू असतानाही तपासणीला जाता येतं, थांबेपर्यंत पुढे ढकलायची गरज नाही. मागचे सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर असू द्या, आयुर्वेदिक काढे-चूर्ण चालू असेल तर तेही सांगा. आणि नवऱ्याला बरोबर न्या, नुसतं बाहेर बाकावर बसायला नाही, आत. डाग तुम्हाला लागतो म्हणून तपासण्या सगळ्या तुमच्याच होतात आणि त्याची सिमेनची टेस्ट सहा-आठ महिन्यांनी कोणाला तरी आठवते. ती स्वस्त आहे, सुई टोचावी लागत नाही, फक्त आधी २ ते ७ दिवस संबंध ठेवायचा नसतो, म्हणून लॅबची वेळ घेतानाच ते दिवस मोजून घ्या आणि तुमच्या पहिल्या तपासण्यांबरोबरच त्याचीही करून टाका.